अवर्षणप्रवण पट्ट्यातील जमीन घेण्यापूर्वी तिची पारख कशी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: माण (सातारा) आणि आटपाडी (सांगली) तालुक्यांच्या सीमेजवळ आठ एकर जमीन विकत मिळते आहे. त्यातील साधारण पाच एकर माळाकडे चढत जाणारी मुरमाड आणि तीन एकर ओढ्याकाठची काळी आहे. विक्रेत्याने दाखवलेल्या माती परीक्षण अहवालात सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि पालाश (पोटॅश) भरपूर असे आकडे आहेत. या आकड्यांवरून ही जमीन डाळिंबाला किंवा ज्वारीला योग्य ठरते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

या अहवालावरून ते ठरवता येणार नाही. अहवाल चुकीचा असेल असे मला वाटत नाही. या पट्ट्यातील बहुतेक शेतांतून माती नेली तरी जवळपास हेच आकडे येतात, कारण कर्ब आणि स्फुरद कमी, पालाश जास्त आणि सामू आठच्या पुढे ही बेसाल्टपासून बनलेल्या कोरड्या मुलखातील मातीची नेहमीची घडण आहे. शिवाय आठ एकरांचा एकच अहवाल असेल, तर मुरमाड आणि काळी अशा दोन अगदी वेगळ्या मातींचे मिश्रण प्रयोगशाळेत गेले असणार आणि त्याचा आकडा दोहोंपैकी एकीलाही लागू पडत नाही. मात्र मुख्य अडचण याहून वेगळी आहे. प्रयोगशाळेतील माती परीक्षण हे कोणते खत किती द्यावे हे ठरवण्यासाठी असते, आणि अवर्षणप्रवण भागात जमिनीची योग्यता ठरते ती पडलेल्या पावसापैकी किती पाणी ती मुळांच्या कक्षेत साठवून ठेवू शकते आणि किती दिवस पुरवू शकते यावर. नत्र, स्फुरद, जस्त, लोह बाजारातून आणून घालता येते. मातीची खोली तशी आणता येत नाही, आणि तलावातील गाळ वाहून ती थोडी वाढवायची म्हटली तरी खर्च बराच येतो.

प्रथम पावसाचा हिशेब मांडू. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पट्टा आहे. येथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर हवेची बाष्पाची मागणी दीड हजार मिलिमीटरहून अधिक असते. या दोहोंचे गुणोत्तर ०.३ च्या जवळ येते, म्हणून हवामानशास्त्राच्या वर्गवारीत हा भाग अर्धशुष्क ठरतो, ०.२ च्या खाली गेल्यास तो शुष्क म्हटला जातो. पण सरासरीवर जमीन घेऊ नये. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. त्यातील मागील दहा वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि खालून तिसरा आकडा आपला पाऊस समजून सर्व नियोजन करावे. दुसरी गोष्ट पावसाच्या वाटणीची. जून-जुलैमध्ये येथे तुरळक सरी पडतात, ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड ही नेहमीची बाब आहे, आणि खरा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत येतो. या भागात हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा आणि भारी रानात रब्बी ज्वारी ही पद्धत पिढ्यानपिढ्या टिकली ती यामुळेच. हलकी जमीन सुरुवातीच्या सरींवर लवकर वापशावर (पेरणीयोग्य ओलीवर) येते, पण पाणी धरून ठेवत नाही. भारी जमीन सप्टेंबरचा पाऊस पोटात घेते आणि तो जानेवारीपर्यंत पुरवते.

मातीची खोली मोजणे हे पारख करताना करायचे पहिले काम आहे. आधी पहार किंवा माती गिरमिट घेऊन तीस-चाळीस मीटर अंतरावर ठिकठिकाणी ठोकून पाहावे आणि कुठे किती खोलीवर मुरूम लागतो याचा कच्चा नकाशा कागदावर काढावा. मग ज्या ठिकाणी माती बदलताना दिसते अशा चार-पाच जागी उभे खड्डे घ्यावेत: काळ्या रानात दीड मीटर खोल, मुरमाड रानात कठीण थर लागेपर्यंत. खड्ड्याची सूर्यप्रकाश पडणारी बाजू कुदळीने ताजी करून घ्यावी आणि वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचावी. रंग कुठे बदलतो, ढेकळे कशी फुटतात, आधीच्या पिकाची आणि गवताची मुळे कुठपर्यंत उतरली आहेत, पांढरे चुन्याचे खडे कोणत्या खोलीपासून सुरू होतात, हे सारे तेथे दिसते. मुळे एखाद्या खोलीवर आडवी वळली असतील, तर त्याखालची माती पिकाच्या दृष्टीने नाहीच असे धरावे, मग ती कितीही चांगली दिसो.

खोलीला इतके महत्त्व देण्याची पद्धत नवी नाही. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात, म्हणजे याच कोरड्या पट्ट्यात, महसुलासाठी जमिनीची नवी प्रतवारी सुरू केली. तिच्यात मातीचा पोत आणि खोली हे दोन मुख्य निकष होते. पावणेदोन हात खोल बारीक काळी माती सोळा आण्यांची धरली जाई आणि पोत व खोली घटत जाईल तशी प्रत उतरत नवव्या प्रतीला दोन आण्यांवर येई. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी न झिरपणे, वाहत्या पाण्याने धुपणे अशा दोषांसाठी प्रत आणखी खाली आणली जाई. सातबाऱ्यावरील आकाराच्या, म्हणजे महसूल आकारणीच्या, आकड्याचे मूळ या पद्धतीत आहे. म्हणून आपल्या गटाचा दर हेक्टरी आकार काढून शेजारच्या गटांशी ताडून पाहावा. जुन्या पारखणाऱ्यांनी त्या रानाला आजूबाजूच्या तुलनेत चढते मानले होते की उतरते, हे त्यातून कळते. त्यानंतरच्या काळात काही रानांची माती वाहून गेली आहे आणि काही ठिकाणी ताली घालून ती अडवली गेली आहे, त्यामुळे हा पुरावा केवळ जोडीला ठेवावा.

खोली कळली की पाण्याचे गणित सोपे होते. चिकण काळी माती दर सेंटिमीटर खोलीला सुमारे पावणेदोन मिलिमीटर पाणी पिकाला उपलब्ध होईल अशा रूपात धरते, मध्यम माती सुमारे दीड आणि हलकी माती एक ते सव्वा मिलिमीटर. मातीत एक तृतीयांश मुरमाचे खडे असतील, तर साठाही तेवढ्याने कमी होतो. त्यामुळे ९० सेंटिमीटर खोल काळ्या रानात दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी मावते, ४५ सेंटिमीटरच्या मध्यम रानात पासष्ट-सत्तर, आणि २५ सेंटिमीटरच्या खडेयुक्त मुरमाड रानात जेमतेम वीस. भर वाढीतील पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी घेते. म्हणजे ऑगस्टमधील खंडात मुरमाड रानातील बाजरी आठवडाभरात माना टाकू लागते, तर खोल काळ्या रानातील पीक महिनाभर तग धरते. उताऱ्यातील जो फरक आपण नशिबावर किंवा बियाण्यावर घालतो, त्याचा मोठा भाग या तीन आकड्यांत असतो.

सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारसही जमिनीच्या खोलीनुसारच केली आहे: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१, आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा. आपल्या तीन एकर काळ्या रानात खड्डा ६० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर ते रान ज्वारी-हरभऱ्यासाठी उत्तम आहे. ४० ला मुरूम लागला, तर ते वरून काळे दिसणारे मध्यम रान आहे आणि भावही त्याप्रमाणेच ठरला पाहिजे. ओढ्याकाठी वरचा काळा थर पातळ आणि खाली वाळू-गोटे अशी स्थितीही पुष्कळदा आढळते, म्हणून ओढ्याजवळ एक खड्डा हमखास घ्यावा.

डाळिंबाकडे वळल्यावर निकष बदलतात, आणि योग्यता ही जमिनीची एकटीची नसून जमीन व पीक या जोडीची असते हे येथे स्पष्ट होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली जो मूल्यमापनाचा आराखडा मांडला त्याचे सारही हेच आहे: प्रत्येक जमिनीची प्रत ठरावीक वापरासाठी लावायची, सर्वसाधारण चांगली-वाईट अशी लावायची नाही. खोल, चिकण, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन ज्वारीला अव्वल आहे. डाळिंबाला तीच घातक ठरू शकते, कारण मुळाशी ओल साचून राहिली की मर रोग वाढतो आणि ताण देऊन (पाणी तोडून) बहार, म्हणजे फुलोरा, धरणेही अवघड होते. सांगोल्याकडील अनुभवी बागायतदार हलकी ते मध्यम निचऱ्याची मुरमाड जमीन पसंत करतात ती यामुळे. तेव्हा आपल्या पाच एकरांची शक्यता ज्वारीसाठी कमी असली, तरी डाळिंबासाठी ती चांगली असू शकते, मात्र दोन अटींवर.

पहिली अट मुरमाच्या जातीची. मऊ, भुसभुशीत, कुदळीने सहज सुटणारा मुरूम असेल तर त्याच्या भेगांतून मुळे आणि पाणी खाली जातात. अशी जमीन दिसते त्यापेक्षा खोल असते. खाली अखंड कातळ किंवा सिमेंटसारखा घट्ट झालेला चुनखडीचा थर असेल, तर लावणीचा प्रत्येक खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरलेली कुंडी बनतो. परीक्षा सोपी आहे. मुरमापर्यंतच्या खड्ड्यात फूटभर पाणी भरावे, ते पूर्ण जिरू द्यावे, पुन्हा तेवढेच भरावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चोवीस तासांनी तसेच उभे असेल, तर चर फोडून निचऱ्याची सोय केल्याशिवाय तेथे फळबाग लावू नये. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे प्रक्षेत्रच अशा उथळ, खडकाळ बेसाल्टवर उभे आहे. तेथे चर खोदून आणि भरावाची माती घालून फळझाडे वाढवण्याचे काम झाले आहे. मुरमाड जमीन घेणाऱ्याने ते पाहून यावे.

दुसरी अट पाण्याची, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण या पट्ट्यातील बागा मातीपेक्षा पाण्याच्या चुकीच्या अंदाजाने जास्त जळाल्या आहेत. एकरी तीनशे झाडे, भर उन्हाळ्यात ठिबकने झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी, असा हिशेब धरला तर दिवसाला बारा हजार लिटर आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सुमारे साडेचौदा लाख लिटर पाणी एका एकराला लागते. ३० बाय ३० मीटरचे तीन मीटर खोल शेततळे काठोकाठ भरले तर सुमारे बावीस लाख लिटर मावते. अस्तर घातल्याने पाझर थांबतो, बाष्पीभवन थांबत नाही; नोव्हेंबर ते मे या काळात सात ते नऊ लाख लिटर पाणी हवेत उडून जाते. म्हणजे एवढे तळे आंबे बहाराच्या (उन्हाळ्यात फळे पोसणाऱ्या बहाराच्या) एका एकराला कसेबसे पुरते, पाच एकरांना नाही. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरला तर उन्हाळी पाणी पुष्कळ वाचते, पण पावसाळी दमट हवेत फळे वाढत असल्याने तेल्या रोगाचा धोका वाढतो. हा पेच मातीच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही, तो जमीन घेणाऱ्यानेच सोडवायचा असतो.

विहिरीचे पाणी तपासायचे ते एप्रिल-मेमध्ये. मोटर किती तास चालते आणि उपसल्यानंतर पाणी पुन्हा वर यायला किती वेळ लागतो, हे स्वतः उभे राहून पाहावे. २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या टंचाईत ती विहीर आणि शेजारच्या विहिरी कुठपर्यंत टिकल्या, हे चार घरी विचारावे. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत. त्याखाली सलग खडक लागला की कितीही खोल विंधण घेतले तरी यशाची हमी नसते. भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आहेत, तेही ध्यानात घ्यावेत. आपले पाणलोट क्षेत्र अतिशोषित आहे का, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात समजते. आणि मातीच्या आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. विद्युत वाहकता (क्षारांचे माप) २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल, किंवा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल, तर ते पाणी काही वर्षांत चांगल्या काळ्या रानाचे चोपण (सोडियमने बिघडलेली जमीन) करू शकते.

सामूच्या ८.१ या आकड्याने घाबरू नये. चुनखडीयुक्त जमिनीत सामू ८.० ते ८.४ असणे स्वाभाविक आहे. मोजायला हवे ते मुक्त चुन्याचे प्रमाण, आणि ते आपल्या अहवालात दिसत नाही. शेतात अंदाज घ्यायचा असेल तर ताज्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. जोराने फसफसून आले तर चुना भरपूर आहे. तो दहा टक्क्यांच्या पुढे गेला की मोसंबी, लिंबू यांसारख्या पिकांवर लोहाच्या कमतरतेने पिवळेपणा येऊ लागतो. अशा जमिनीचा सामू गंधक टाकून सातवर आणून देतो असे कोणी सांगत असेल, तर साधे गणित करावे. एकरातील वरच्या २० सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे दहा लाख किलो भरते; त्यात दहा टक्के चुना म्हणजे एक लाख किलो, आणि तो निकामी करायला बत्तीस हजार किलो गंधक लागेल. म्हणून अशा रानात चुना मान्य करून पिकाची निवड करावी.

चोपण जमीन हा वेगळा आजार आहे. तिच्यात सामू साडेआठच्या वर जातो आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून राहिलेला) पंधरा टक्क्यांच्या पुढे असतो. ओली असताना माती साबणासारखी बुळबुळीत होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते आणि पावसाचे पाणी दिवसेंदिवस वर उभे राहते. तेथे जिप्समचा उपयोग होतो, मात्र निचरा आधी केला तरच. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकणे हा पैशाचा अपव्यय आहे. ओढ्याकाठच्या तीन एकरांसाठी हा विचार विशेष महत्त्वाचा आहे, कारण टेंभू आणि जिहे-कठापूर यांसारख्या उपसा योजनांचे पाणी या दुष्काळी भागासाठी आहे, आणि पाणी आल्यावर पहिला मोह उसाचा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यावर बारमाही उसाखालील खोल काळी राने पाणथळ आणि खारवट झाली. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले तेव्हा या जमिनींचा अभ्यास हे त्याचे एक महत्त्वाचे काम होते. कोरडवाहू असताना जी खोली आणि चिकणपणा गुण ठरतो, तोच बारमाही पाण्याखाली दोष ठरतो.

उतार आणि बांधबंदिस्ती लवकर तपासता येते. हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीवर चालणाऱ्या पातळीमापकाने) उतार मोजावा आणि तीन टक्क्यांपर्यंत असेल तर निश्चिंत राहावे. माळाच्या पाच एकरांत सहा टक्क्यांच्या आतील भागात समपातळीत बांध घालता येतील; काळ्या रानात मात्र जास्तीचे पाणी सुरक्षित बाहेर नेणारे ढाळीचे बांध हवेत, कारण भेगाळणाऱ्या मातीत समपातळी बांध फुटतात किंवा पाणी तुंबवून पीक पिवळे करतात. आपण जागेवर गेलात तर झाडोराही पाहावा. तरवड आणि कुसळी गवत उथळ मुरमाड जमीन दाखवतात, उंच वाढलेली बाभूळ खाली ओल आणि खोली असल्याचे सांगते, आणि कुंदा हे चिवट तण माजलेले दिसले तर ती भारी जमीन आहे, पण ते काढण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

माळाच्या सर्वात वरच्या भागात १५ सेंटिमीटरपेक्षा कमी माती निघाली, तर ती जागा नांगराखाली आणू नये, असे माझे ठाम मत आहे. जमिनीच्या क्षमतेच्या आठ वर्गांपैकी पहिले चारच नियमित मशागतीचे आहेत. पुढचे गवत, झाडे आणि चराईसाठी आहेत. तेथे पवना, मद्रास अंजन यांसारखी गवते, बांधाला सीताफळ, बोर, चिंच, आणि त्यावर शेळ्या-मेंढ्या हा वापर अपमानास्पद नाही. ही माडग्याळ मेंढीची आणि खिल्लार जनावरांची भूमी आहे, आणि चांगले राखलेले कुरण दुष्काळी वर्षातही काहीतरी देते, जे त्याच जागेवरील बाजरी देत नाही.

कागदपत्रांत सातबाऱ्यावरील पोटखराबा (लागवडीस अयोग्य म्हणून नोंदलेले क्षेत्र) किती आणि तो वर्ग अ की वर्ग ब, भोगवटादार वर्ग कोणता, विहिरीची नोंद कोणाच्या नावे, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. आठ एकरांतील दीड एकर पोटखराबा असेल, तर दर साडेसहा एकरांवरच बोलावा.

आपल्या जागी मी असतो तर विसार देण्यापूर्वी विक्रेत्याकडून खड्डे घेण्याची परवानगी मागितली असती आणि जमीन दोनदा पाहिली असती: एकदा मेमध्ये विहिरीसाठी, एकदा सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी, पाणी कुठे उभे राहते आणि कुठून वाहून जाते हे पाहण्यासाठी. काळे रान ६० सेंटिमीटरच्या पुढे, मुरूम मऊ आणि विहिरीचे पाणी गोडे निघाले, तर तीन एकर ज्वारी-हरभरा, शेततळे आणि विहीर यांच्या पाण्याच्या हिशेबाने एक ते दीड एकर डाळिंब, आणि उरलेल्या माळावर गवत व कोरडवाहू फळझाडे अशी मांडणी मी सुचवेन. मातीचे नवे नमुने त्यानंतर द्यावेत: काळ्या रानाचा वेगळा, मुरमाड रानाचा वेगळा, आणि डाळिंबाच्या जागेचे ० ते ३०, ३० ते ६० आणि मुरूम त्याहून खाली लागत असेल तर ६० ते ९० सेंटिमीटर असे थरवार, मुक्त चुना आणि विनिमययोग्य सोडियम या दोन तपासण्या आवर्जून मागून.